कॅटफिशच्या मिशा का झिजतात?

प्रश्न : आमचे घर देवगड तालुक्यात, किनाऱ्यापासून जवळच आहे. मुलीच्या हौसेखातर आम्ही दोन फुटी काचेची टाकी आणली. तिच्यात दहा-बारा गप्पी, दोन मोली आणि तळाची घाण खाण्यासाठी म्हणून दुकानदाराने दिलेले तीन छोटे कॅटफिश सोडले. त्यांतला एक हिरवट तांबूस होता, बाकीचे दोन करड्या ठिपक्यांचे आहेत. तळाला पुळणीवरची वाळू स्वच्छ धुऊन घातली आहे, पाणी घरच्या विहिरीचे आहे आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून दर आठवड्याला मूठभर खडेमीठ टाकतो. फिल्टर दिवसभर चालू असतो, रात्री बंद करतो. दीड महिन्यात तांबूस कॅटफिश मेला. उरलेल्या दोघांच्या मिशा जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत आणि ते सारखे वर येऊन पुन्हा खाली जातात. खाणे तर रोज घालतो. आमचे काय चुकते आहे? जमत नसेल तर त्यांना घरामागच्या व्हाळात (ओढ्यात) सोडून द्यावे का?

उत्तर : आपण वाळू, पाणी आणि माशांचे वागणे यांविषयी इतके नेमके लिहिले आहे, की टाकी प्रत्यक्ष न पाहताही बरेचसे सांगता येईल. सविस्तर कारणांकडे वळण्याआधी आजच करायच्या गोष्टी सांगतो. मीठ टाकणे थांबवावे. फिल्टर आज रात्रीपासून बंद करू नये. टाकीतले पाव हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे, मिठाचा अंश नसलेले आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे पाणी हळूहळू भरावे, आणि पुढचा आठवडाभर हे एक दिवसाआड करत राहावे. टाकलेले मीठ पाण्याबरोबर वाफ होऊन जात नाही. पाणी उडते, मीठ मागे राहते आणि आपण वरून भर घालत गेलो की त्याचे प्रमाण वाढतच जाते. ते बाहेर काढण्याचा पाणी बदलण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

आता माशांविषयी. वर्णनावरून हे तिन्ही मासे कोरिडोरस गटातले, दुकानांत ‘कोरी’ म्हणून विकले जाणारे असावेत. तांबूस होता तो ब्राँझ कोरी आणि ठिपक्यांचे आहेत ते पेपर्ड कोरी. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचे. त्यांच्या अंगावर नेहमीचे खवले नसतात, दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात. पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना ताठ काटे असतात आणि भ्यायल्यावर ते काटे उभे राहून तसेच अडकतात. कोकणात शिंगाळा सोलताना ज्यांच्या बोटात काटा गेला आहे, त्यांना कॅटफिशच्या काट्याविषयी वेगळे सांगायला नको. म्हणूनच या माशांना जाळीने पकडू नये. काटे जाळीत गुंततात, सोडवताना पर फाटतात. प्लास्टिकच्या मोठ्या मगात त्यांना पाण्यासकट हलकेच वळवून घ्यावे.

हे मासे तळाची घाण खातात, हा आपल्याकडच्या दुकानांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेला गैरसमज आहे आणि त्यापायी असंख्य कोरी उपाशी मरतात, हे मला फार खेदाने लिहावे लागते. कोरी कोणत्याही माशाची विष्ठा खात नाही. रानात तो वाळूतल्या अळ्या, कृमी, बारीक कवचधारी जीव आणि थोडाफार वनस्पतिजन्य अंश वेचून खातो. वरच्या माशांच्या तोंडून सुटलेले चार कण त्याला मिळतात खरे, पण दहा-बारा गप्पी असलेल्या टाकीत तळापर्यंत पोहोचते ते बहुधा विरघळून कुजू लागलेले अन्न. म्हणजे आपण रोज खाणे घालता ते या दोघांपर्यंत जवळजवळ जात नाही, आणि जे जाते ते त्यांचा तळ नासवते. टाकी स्वच्छ ठेवण्याचे काम माणसाचे आणि फिल्टरचे आहे. कोरी हा त्या स्वच्छतेवर सर्वांत जास्त अवलंबून असणारा मासा आहे, कारण तो आपले जवळजवळ सगळे आयुष्य तळाला तोंड लावून काढतो.

मिशांच्या झिजण्याचे मूळही इथेच आहे. निरोगी कोरी बारीक वाळूवर चरताना एकदा जवळून पाहावा. तो मिशा वाळूत फिरवत पुढे सरकतो, मध्येच डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, खाण्याजोगे तेवढे ठेवतो आणि उरलेली वाळू दोन्ही कल्ल्यांतून बारीक धुरळ्यासारखी बाहेर पडते. मिशा हे त्याचे चव घेण्याचे आणि चाचपण्याचे अवयव आहेत. तळात सडके अन्न आणि विष्ठा साचली की तिथे जंतू वाढतात, नाजूक मिशांना संसर्ग होतो आणि त्या टोकाकडून गळत जातात. धारदार खडी किंवा शिंपल्यांचे कपचे असतील तर आधी ओरखडे पडतात आणि संसर्गाला वाट मिळते. गुळगुळीत वाळूवरही तळ घाणेरडा असेल तर मिशा जातात, हे मुद्दाम सांगतो, कारण नुसती वाळू बदलून भागत नाही. दिलासा इतकाच, की मिशा अगदी मुळापासून गेल्या नसतील तर पाणी आणि तळ सुधारल्यावर काही आठवड्यांत त्या पुन्हा वाढतात.

पुळणीवरची वाळू मात्र बदलायलाच हवी. ती कितीही धुतली तरी तिच्यातले शिंपल्यांचे कण जात नाहीत. चिमूटभर वाळू वाळवून बशीत घ्यावी आणि तिच्यावर थोडे व्हिनेगर ओतावे. पांढऱ्या कणांभोवती बारीक बुडबुडे उठताना दिसतील. तो चुना आहे, आणि तोच टाकीत अगदी सावकाश विरघळून पाण्याचा कठीणपणा आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा अंक) वाढवतो. जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, विहिरींचे पाणी स्वभावतः मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि कोरीला जन्मापासून ओळखीचे असते ते असेच पाणी. म्हणजे हवे तसे पाणी घरच्या विहिरीत असताना आपण वाळू घालून ते बिघडवत आहात. नदीची बारीक, गोल कणांची वाळू चालते. मात्र बांधकामासाठी येणारी वाळू पुष्कळदा खाडीतून काढलेली असते, म्हणून ती आणली तरी व्हिनेगरची कसोटी लावावी आणि पाणी नितळ येईपर्यंत, खारट चव राहणार नाही इतकी धुवावी. दीड ते दोन इंचांपेक्षा जाड थर देऊ नये. जाड थराच्या आत हवा पोहोचत नाही आणि तिथे कुजण्याची क्रिया सुरू होते.

सामू वाढण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तांबूस मासा जाण्यामागे तो असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया उतरतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वसाहत नव्या टाकीत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण मासे बहुधा पहिल्याच दिवशी सोडले. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो, पण सामू एका अंकाने वाढला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो, आणि पाणी जितके ऊन तितका तो आणखी वाढतो. शिंपल्यांची वाळू, मे महिन्याचा उकाडा आणि अपुरे जिवाणू असे तिन्ही एकत्र आले, की तळातल्या माशाला त्याची झळ लागल्यावाचून राहत नाही.

त्यात फिल्टर रात्री बंद राहतो. या जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. रात्रभर पाणी वाहिले नाही की पुष्कळसे मरतात, आणि सकाळी बटण दाबताच स्पंजात कुजलेले पाणी टाकीत येते. छोट्या फिल्टरला वीज फारच थोडी लागते, तिथे काटकसर करू नये. आवाजाचा त्रास होत असेल तर हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्यावा आणि पंप टाकीच्या वरच्या पातळीवर, जाड कापडाच्या घडीवर ठेवावा. स्पंज महिन्यातून एकदा-दोनदा टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. नळाखाली किंवा साबणाने धुतला तर जिवाणू मरतात आणि आपण पुन्हा पहिल्या दिवशी येऊन पोहोचतो.

मासे सारखे वर का येतात, याचे उत्तरही प्राणवायूशीच जोडलेले आहे. कोरी कल्ल्यांनी श्वास घेतोच, शिवाय पृष्ठभागावर झेप घेऊन हवेचा घोट गिळतो आणि आतड्याच्या मागच्या भागातून त्यातला प्राणवायू शोषून घेतो. त्यामुळे अधूनमधून होणारी अशी झेप हे आजाराचे लक्षण नाही, आणि झाकणाखाली दोन-तीन इंच मोकळी हवा ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. पण दर मिनिटा-दोन मिनिटांनी मासा वर जात असेल तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे किंवा कल्ल्यांना इजा झाली आहे, असे समजावे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि उष्णतेत माशाची गरज मात्र वाढलेली असते.

इथे जातीचा प्रश्न येतो, आणि दुकानदाराने तो लक्षात घ्यायला हवा होता. पेपर्ड कोरी हा अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलकडचा, तुलनेने थंड पाण्याचा मासा आहे. चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, आणि पाळीव माशांत तो फार जुना आहे. त्याला १८ ते २३ अंशांचे पाणी मानवते. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी ३० अंशांवर जाते, त्यामुळे पेपर्डला आपल्याकडे उन्हाळा काढणे नेहमीच जड जाणार. ब्राँझ कोरी थोडा अधिक सोशिक आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने कोरी पाळायचा तर माझे मत स्टर्बाय कोरीच्या बाजूने पडते. काळसर अंगावर पांढरे ठिपके आणि छातीचे पर नारिंगी, असा हा मासा ब्राझील आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीच्या भागातला. २४ ते २८ अंशांत तो आनंदाने राहतो आणि त्याहून थोडी अधिक उष्णताही काही दिवस सोसतो. पांडा कोरी दिसायला कितीही गोड असला तरी त्यालाही थंडावा लागतो, तेव्हा मुलीने हट्ट केला तरी तो आणू नये.

आत्ता हाताशी असलेल्या दोघांना उकाड्यातून सांभाळायचे कसे? टाकी पडवीत किंवा पत्र्याखाली असेल तर ती माजघरात, जांभ्याच्या जाड भिंतीच्या सावलीत आणावी. दिवा दुपारी बंद ठेवून संध्याकाळी चार-पाच तास लावावा. काचेचे झाकण काढून त्या जागी बारीक जाळी बसवावी आणि पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावावा. घाटावरच्या कोरड्या हवेत या उपायाने पाणी जितके उतरते तितके आपल्या दमट हवेत उतरत नाही, तरी एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक पडतो आणि हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा) लावला तर पाण्याची हालचाल वाढून प्राणवायूची उणीव बरीच भरून निघते. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. गोठवलेली बाटली ठेवायची तर छोटी ठेवावी आणि तापमान दिवसाला दोन अंशांहून अधिक खाली येऊ देऊ नये.

विहिरीच्या पाण्याविषयी आणखी थोडे. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होतात, कारण गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारे पाणी आत सरकते. आपल्या विहिरीचे पाणी एप्रिलनंतर चवीला बदलत असेल तर त्या काळात टाकीसाठी सड्यावरच्या एखाद्या विहिरीचे किंवा नळयोजनेचे पाणी वापरावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पावसाळ्यात साथीचे रोग टाळण्यासाठी विहिरींतही टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, आणि ती आवश्यकच असते, मात्र माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरच्या जिवाणूंना ती मारक ठरते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला पावडर कधी टाकणार हे आधी विचारून ठेवले तर त्याआधीच पिंपभर पाणी भरून ठेवता येते. अन्यथा मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब किंवा हायपो (त्याच कामाचे खडे) वेष्टणावरील प्रमाणात वापरावे. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, म्हणून सेलवर चालणारा हवेचा पंप जूनपूर्वी घेऊन ठेवावा. पागोळ्यांचे पाणी टाकीत घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि कौलांवरचे बरेच काही उतरलेले असते.

मीठ आणि मोली यांचा निर्णय आपल्याला एकत्रच घ्यावा लागेल. मोलीला कठीण, क्षारयुक्त पाणी मानवते आणि मिठाचे तिला वावडे नाही. कोरीला मृदू पाणी लागते आणि मीठ सोसत नाही. एकाला सुखी ठेवले की दुसरा आजारी पडतो. मोली वेगळ्या टाकीत ठेवावी किंवा कोणाला द्यावी. गप्पी मध्यम पाण्यात जुळवून घेतात, पण त्यांची पिल्ले भराभर वाढतात आणि दोन फुटी टाकीत वाळू व वरची मोकळी जागा सोडून पाणी जेमतेम ४५ लिटर बसते, हे ध्यानात ठेवावे.

कोरी हा कळपाने राहणारा मासा आहे. एकाच जातीचे किमान सहा असावेत, नाहीतर ते घाबरट होऊन दिवसभर कोपऱ्यात दडून राहतात. वेगवेगळ्या जातींचे दोन-तीन ठेवल्याने कळप होत नाही. सहा मोठ्या कोरींसाठी टाकीच्या उंचीपेक्षा तळाचा विस्तार महत्त्वाचा आहे, म्हणून पुढे-मागे तीन फुटी टाकी घेता आली तर उत्तम. दोन फुटीतच ठेवायचे तर इतर मासे मोजकेच ठेवावेत. नवे मासे मात्र आत्ता आणू नयेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आहेत, हे चाचणीच्या संचाने काही दिवस सलग पाहिल्यावरच आणावेत, आणि आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून मगच मिसळावेत.

खाणे दिवा मालवल्यावर द्यावे. गप्पींना वर चिमूटभर टाकून गुंतवावे आणि मग कॅटफिशसाठीच्या बुडणाऱ्या गोळ्या तळाला सोडाव्यात. दोघांना एक गोळी पुरते, तासाभरात उरलेला भाग काढून टाकावा. आठवड्यातून एकदा-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) द्यावेत. आपल्याकडे ताजी कोळंबी मिळते, तिचा मीठ न लावलेला, अगदी बारीक चिरलेला तुकडाही ते आवडीने खातात. सुका जवळा खारट असतो, तो घालू नये. गटारांच्या काठी गोळा केलेले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) तर अजिबात नको, त्यातून रोग येतात.

वाळू बदलताना दोन्ही मासे आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात, हवेच्या पंपासह टबात ठेवावेत. निम्म्याहून अधिक जुने पाणी जपून ठेवावे, वाळू काढावी, नवी धुतलेली वाळू घालावी आणि तेच पाणी परत भरावे. त्यानंतर दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलताना रबरी नळीने वाळूच्या वरून गाळ ओढून घ्यावा. मिशांना काही दिवसांत लाली किंवा कापसासारखे पांढरे आवरण दिसले तरच औषधाचा विचार करावा, आणि तेही इतर माशांसाठी सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरू करावे, कारण कॅटफिशना तांबे आणि मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे फार लवकर बाधतात. शंका वाटल्यास रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे जाणकारांना विचारता येईल.

पुढच्या वर्षी सहा जणांचा कळप नीट रुळलेला असेल, तर पावसाच्या पहिल्या आठवड्यात काचेकडे लक्ष ठेवायला मुलीला सांगावे. पाणी बदलताना ताजे, थोडे गार पाणी आले की कोरी अंडी घालतात. मादी ती परांच्या खोबणीत धरून काचेवर किंवा पानांवर एक-एक करून चिकटवते. ती अंडी तिथेच राहिली तर मोठे मासेच ती खातात, म्हणून बोटाने अलगद सोडवून त्याच पाण्याच्या छोट्या भांड्यात, पंपाची मंद हवा लावून ठेवावीत. तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

राहिला व्हाळाचा प्रश्न. कृपा करून तसे करू नये. हे मासे व्हाळात बहुधा जगणार नाहीत, आणि जगले किंवा त्यांच्या अंगावरचा एखादा रोग पाण्यात उतरला तर त्याचा उपद्रव तिथल्या मूळच्या माशांना होईल. दुकानांत ‘सकर’ म्हणून मिळणारा दक्षिण अमेरिकेतला दुसरा कॅटफिश लोकांनी असाच सोडून दिला आणि आज तो भारतातल्या अनेक तळ्या-नद्यांत माजला आहे. आपल्याला पेपर्डची जोडी ठेवणे जमणार नसेल, तर कोल्हापूर-बेळगावकडे, जिथे हवा थोडी थंड असते, तिथे मासे पाळणारे कोणी ओळखीचे असेल त्यांना ती द्यावी. दुहेरी पिशवीत, एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा भरून, पहाटेच्या गाडीने पाठवली तर पोहोचेल. मात्र मिशा थोड्या भरून आल्यावरच पाठवावी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी खायला घालू नये.